पुसलेली चूक : धूळपाटीपासून टॅबपर्यंत

जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी गेलो होतो तो जुन्या दप्तरासाठी. शाळेला शंभर वर्षे होऊन गेली आहेत आणि गावाच्या इतिहासासाठी मला तिथले जुने जनरल रजिस्टर पाहायचे होते. बाई कपाटात रजिस्टर शोधत होत्या, तेव्हा खालच्या खणात सहा टॅब चार्जिंगला लावलेले दिसले. कुणा दात्याने दिलेले. मधल्या सुट्टीनंतर ते तिसरीच्या मुलांना वाटले गेले, दोघांत एक. रजिस्टर बाजूला ठेवून मी मुलांमध्ये जाऊन बसलो.

माझ्या शेजारच्या मुलीच्या पडद्यावर गणित होते : ५२ – ३८. खाली चार उत्तरे : २६, २४, १६, १४. तिने २६ वर बोट टेकवले. लाल फुली आली. तिने २४ दाबले. पुन्हा फुली. मग १४. चांदणी उगवली, टाळ्यांचा आवाज झाला आणि पुढचे गणित आले. सगळा प्रकार दहा सेकंदांत आटोपला.

मला राहवले नाही. तिच्याच दप्तरातली पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिले : ६३ – २७. तिने जराही न थांबता उत्तर मांडले, ४४. बाई वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, “अगं, वर कोण खाली कोण हे बघतच नाहीस तू. मोठ्यातून लहान काढून मोकळी होतेस.” मुलगी हसली. तिला ते पटलेले दिसले.

पाटीवरच्या त्या ४४ ने बाईंना एका नजरेत जे सांगितले, ते चांदणीने कुणालाच सांगितले नव्हते. मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्र शिकलेलोही नाही. पण त्या दिवसापासून जुने कागद चाळताना एक प्रश्न सोबत राहिला. वर्गातल्या साधनांचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या नवलाईचा किंवा किमतीचा म्हणून सांगतो. तो मुलांच्या चुकांचा इतिहास म्हणून सांगितला तर? मुलाची चूक कोणाला दिसते, ती किती वेळ टिकते आणि दिसल्यावर तिचे पुढे काय होते, एवढेच विचारत गेलो तर?

धुळाक्षरे

‘टॅबलेट’ या शब्दाचा अर्थ लहान फळी. लॅटिनमधल्या ‘टॅब्युला’ या शब्दाचे हे पोर. रोमन मुले मेण लावलेल्या फळीवर टोकदार काडीने लिहीत आणि काडीचे मागचे चपटे टोक फिरवून लिहिलेले घासून टाकत. घासून साफ केलेली फळी म्हणजेच ‘टॅब्युला रासा’. आपण त्यालाच कोरी पाटी म्हणतो. तेव्हा ‘पाटी जाऊन टॅब आला’ असे कुणी म्हणाले, की मला गंमत वाटते. नावापुरते बोलायचे तर पाटी जाऊन पाटीच आली आहे.

आपल्याकडची पाटी त्याहून हलकी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने वा काडीने आकडे काढायचे. यावरून अंकगणिताला ‘पाटीगणित’ आणि आकडेमोडीला ‘धूलिकर्म’ ही नावे पडली. श्रीधराच्या ग्रंथाचे नावच ‘पाटीगणित’ आहे आणि भास्कराचार्यांची ११५० मधली ‘लीलावती’ याच परंपरेतली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. १२०७ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. ज्या गणिताच्या अध्यापनाची सोय दगडात कोरून ठेवली गेली, ते गणित प्रत्यक्षात धुळीत मांडले जात होते.

धुळीचा गुण म्हणजे ती पुसता येते. गुणाकार करताना मधला आकडा पुसून त्या जागी नवा लिहायचा, आणि शेवटी फळीवर फक्त उत्तर उरायचे. दोषही तोच. उत्तर चुकले तर चूक कुठल्या पायरीवर झाली हे शोधायला पायरीच शिल्लक नसे. ही अडचण लिहून ठेवणारा एक माणूस दमास्कसचा. अल्-उक्लिदिसी याने ९५२ च्या सुमारास भारतीय अंकगणितावर अरबीत ग्रंथ लिहिला. त्यात पद्धत घेतली भारताची, पण धूळपाटी नाकारली. हात मळतात, रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांशी तिचे नाते जोडले जाते, या तक्रारी त्याने केल्याच. पण शाई-कागदाने हिशोब मांडण्याच्या रीती त्याने दिल्या, आणि कागदावर पायऱ्या टिकतात म्हणून हिशोब पुन्हा तपासता येतो. पुसण्याची सोय हवी की तपासण्याची, हा वाद असा हजार वर्षांहून जुना आहे.

मराठी गावातल्या पंतोजींच्या शाळेत धूळच चालत राहिली. आपण आजही ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणतो. ओनामा, उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळे तोंडाने घोकायचे आणि हाताने धुळीत गिरवायचे. इथे पायऱ्या टिकत नसल्या तरी त्याने फारसे बिघडत नसे, कारण पंतोजी किंवा वरच्या वर्गातला मुलगा शेजारीच बसलेला असे. चूक घडत असतानाच पाहिली जायची.

दाखवा पाट्या

स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल १७८७ मध्ये मद्रासला आला आणि एग्मोरच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार १७८९ पासून पाहू लागला. एका स्थानिक शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. ती रीत त्याला आवडली, पण त्याच्या शाळेतले शिक्षक ती घ्यायला तयार होईनात. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाला लहान मुलांचा शिक्षक केले. मुलांनी मुलांना शिकवण्याची ही ‘मद्रास पद्धत’ त्याने १७९७ मध्ये लंडनला पुस्तिका छापून मांडली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या दक्षिण भागात शाळा काढली. तिथे एका दालनात शेकडो मुले असत.

लँकेस्टरच्या शाळेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवशिक्यांना वाळू, पण पुढच्या मुलांना दगडी पाटी. मॉनिटर शब्द सांगे, मुले लिहीत, आणि मग हुकूम होई : दाखवा पाट्या! रांगेतली सगळी मुले एकदम पाट्या वळवत. एका माणसाला एका नजरेत पूर्ण रांगेची चूक दिसे. पाटीने मुलाला काय दिले, यापेक्षा तिने शिकवणाऱ्याला काय दिले हे पाहिले, तर पाटी एवढी का पसरली ते कळते. पंतोजींजवळ मुले थोडी होती, म्हणून त्यांना धूळ पुरली. मुले शेकड्यांनी बसू लागली, तेव्हा चूक उचलून धरता येईल अशी वस्तू लागली.

मद्रासहून गेलेली ही रीत विलायती होऊन परत आली ती आपल्या दारात. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी जी संस्था उभी राहिली, तिने देशी भाषांच्या शाळांत लँकेस्टरची पद्धत आणण्याचा प्रयत्न केला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले मराठी शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांवर रवाना झाले.

पाटीच्या आठवणीने गळा भरून येणाऱ्यांत मीही आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरची पेन्सिल कापणाऱ्या मजुरांच्या छातीत दगडाची धूळ साठून त्यांना सिलिकोसिस होत असे. आपली अक्षरे त्या धुळीतून आली आहेत. दुसरे, उचललेल्या पाटीवरची चूक दिसली की छडीही उचलली जाई. थुंकी लावून मनगटाने पाटी पुसण्याची जी घाई आपल्याला होती, ती मारापासून चूक लपवण्याची घाई होती. चूक दिसणे आणि चूक समजून घेणे या दोन गोष्टी पाटीच्या काळातही एक नव्हत्या.

चार कळांचे यंत्र

मी पाहिलेल्या त्या ॲपचा आजोबा १९२० च्या दशकातला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी एक लहान यंत्र केले आणि १९२६ मध्ये त्याचे वर्णन छापले. खिडकीत प्रश्न दिसे, त्याला चार उत्तरे, आणि यंत्राला चार कळा. ‘शिकवण्या’च्या जोडणीत बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. किती वेळा दाबले त्याची मोजणी आपोआप होई. ठरावीक गुण झाले की गोळी बाहेर टाकणारी जोडणीही त्यांनी केली होती. चांदणीच्या जागी गोळी एवढाच काय तो फरक.

१९५३ च्या नोव्हेंबरात बी. एफ. स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. गणिताचा तास चालू होता. काही मुले केव्हाच गणित संपवून चुळबुळ करत होती, काही अडली होती, आणि आपले बरोबर की चूक हे कुणालाच दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हते. घरी येऊन त्यांनी शिकवण्याचे यंत्र बनवायला घेतले. त्यांच्या वर्तनवादावर पुढे खूप टीका झाली, पण एका मुद्द्यावर ते प्रेसींच्या पुढे होते. मुलाने तयार उत्तरांतून एक निवडू नये, स्वतः उत्तर घडवावे, असा त्यांचा १९५८ च्या लेखातला आग्रह होता. पटण्याजोगी वाटावीत अशी चुकीची उत्तरे मुलासमोर मांडणेच त्यांना धोक्याचे वाटे.

मग १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो वाचताना ती तिसरीतली मुलगी माझ्यासमोर पुन्हा येऊन बसली. हजाराहून जास्त मुलांच्या वजाबाक्या त्यांनी संगणकाकरवी तपासल्या. निष्कर्ष असा की बरीचशी चुकीची उत्तरे बेफिकिरीतून आलेली नसतात. मूल एक नियम अगदी इमानाने पाळत असते, फक्त तो नियम चुकीचा असतो. वर-खाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणे हा त्यातला एक फार आढळणारा नियम. ५२ – ३८ ला २६ म्हणणारी आणि ६३ – २७ ला ४४ म्हणणारी मुलगी गणितात कच्ची नव्हती. ती कमालीची सुसंगत होती. तिने दुसऱ्यांदा दाबलेल्या २४ मागेही असाच नियम असतो : हातचा घ्यायचा, पण दशकातून तो कमी करायला विसरायचे. म्हणजे ॲप लिहिणाऱ्याला या चुका ठाऊक होत्या. त्याने त्या पर्यायांत मांडल्या आणि मुलगी त्यांत सापडल्यावर फुली दाखवून गप्प बसला.

ब्राउन आणि बर्टन यांनी ‘बगी’ नावाचा एक खेळही केला होता. त्यात संगणक चुकणारा विद्यार्थी होई. भावी शिक्षकांनी त्याला गणिते घालायची, उत्तरे पाहायची आणि हे ‘पोर’ कुठला नियम पाळते आहे ते ओळखायचे. यंत्राने शिक्षकाची जागा घेण्याऐवजी शिक्षकाची नजर तयार करावी, ही कल्पना वर्गात टॅब येण्याच्या तीन दशके आधी मांडून झाली होती.

काचेची पाटी

टॅबची कल्पनाही मुलांसाठीच जन्मली. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही मुलांची संगणकभाषा तयार केली. मूल कासवाला आज्ञा देते, कासव भलतीकडे जाते, मग मूल आज्ञा दुरुस्त करते. संगणकाला सांगितलेले पहिल्या खेपेला कधीच नीट जमत नाही, त्यामुळे ‘बरोबर की चूक’ यापेक्षा ‘बिघडले कुठे’ हा प्रश्न मुलाला स्वाभाविक वाटू लागतो, हे पेपर्ट यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचे एक सूत्र आहे. पेपर्ट यांचे काम पाहून भारावलेल्या ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली : वहीएवढा, मुलाला कुठेही नेता येईल असा संगणक, ज्यावर मुलाने स्वतः काही घडवावे. डायनाबुक तयार झाले नाही. २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा आकार तोच होता, पण घडवण्यापेक्षा पाहण्याची सोय जास्त होती.

महाराष्ट्रात या वंशावळीच्या खुणा सापडतात. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या पेपर्ट यांच्या परंपरेतल्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पडदा फिरवून मिटला की तो पाटीसारखा हातात धरता येई. २०११ मध्ये दिल्लीत ‘आकाश’ हा स्वस्त टॅब जाहीर झाला आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीचे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणला. पुढे राज्याच्या पुस्तकांनी तो घेतला, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला.

या प्रयत्नांकडे माझ्या प्रश्नासह पाहिले की एक फरक दिसतो. टॅब कधी हलके पुस्तक होतो, कधी परीक्षक होतो, आणि क्वचितच पाटी होतो. पुस्तक झालेल्या टॅबमध्ये मुलाची चूक उमटायला जागाच नसते. परीक्षक झालेल्या टॅबमध्ये ती फुलीपुरती उमटते. मुलाने स्वतः मांडलेले, खोडलेले, पुन्हा मांडलेले दिसेल असा टॅब मला तरी कमी भेटला.

चूक कुठे पोहोचते?

या शतकातल्या काही प्रयोगांनी या प्रश्नाला बळकट पुरावा दिला आहे. वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, गणिताचे खेळ खेळत. त्यांच्या गणितात चांगली भर पडल्याचे बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. पण गुजरातच्याच ज्ञानशाळेतल्या प्रयोगात ली लिंडन यांना वेगळे चित्र दिसले. संगणकाचा तास शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीचा म्हणून ठेवला तेव्हा मुलांना फायदा झाला. शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवला तेव्हा मुले उलट मागे पडली. यंत्र तेच होते, आणि बदलली होती ती त्याची जागा.

दिल्लीतला ‘माइंडस्पार्क’चा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे त्यात दिसले. अशा वर्गात पाठ्यपुस्तकाचा धडा बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. या प्रणालीने प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखली, नेहमीच्या चुकांचे नमुने पाहून पुढचा प्रश्न निवडला, आणि साडेचार महिन्यांत गणितात व हिंदीत स्पष्ट प्रगती झाली. आफ्रिकेतल्या मलावीत आठ आठवडे रोज अर्धा तास, मुलांच्या स्वतःच्या चिचेवा भाषेतल्या गणिताच्या ॲपनेही फरक पडला. त्यामुळे टॅब म्हणजे फुकाचे खूळ, असे मला म्हणता येत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला पन्नास चुका शोधता येत नाहीत. शिवाय यंत्र छडी उगारत नाही आणि शेजारची मुले हसत नाहीत. मार खाऊन चूक लपवायला शिकलेल्या आमच्या पिढीने ही बाब हलकी मानू नये.

मात्र नवीन एक गोष्ट घडली आहे, आणि ती पाटीच्या इतिहासात कधीच घडली नव्हती. धुळीतली चूक वाऱ्याने जाई, पाटीवरची मनगटाने. टॅबवरची चूक जात नाही. मुलाला ती पुसली गेल्यासारखी वाटते, पण कुठल्या वेळी, कितव्या खेपेला, कुठे बोट टेकले याची नोंद दूरच्या एखाद्या संगणकात राहू शकते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली. पण त्या तिसरीतल्या मुलीचे २६ हे उत्तर कुठे साठले असेल तर ते तिच्या बाईंना दिसले नाही, आणि बाईंना दिसले ते पाटीवरचे ४४. चूक जिला समजून घेता आली असती तिच्यापासून दडवायची आणि जिथे तिचा उपयोग नाही तिथे जपून ठेवायची, असा उलटा कारभार होऊ लागला, तर मग धूळपाटीच बरी म्हणायची पाळी येईल.

टॅब किती वाटले, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. ॲप निवडणाऱ्याने, देणगी देणाऱ्याने आणि पालकाने आणखी एक गोष्ट विचारावी : मुलाने चुकीचे उत्तर दिले तर ते शिक्षकाला कसे दिसेल? मूल उत्तर लिहिते की नुसते निवडते? आणि वर्षअखेर त्या चुका पुसल्या जातील का?

ते जनरल रजिस्टर मला अखेर सापडले, पण ते पूर्ण उतरवायला महिनाभराने पुन्हा जावे लागले. तिसरीचा टॅबचा तास चालू होता. या खेपेला प्रत्येक जोडीत टॅबच्या शेजारी पाटी होती. आधी पाटीवर मांडायचे, बाईंना दाखवायचे, मग बोट टेकायचे. “टॅब मला नुसते टक्के दाखवतो,” बाई म्हणाल्या, “टक्क्यांवरून कुणाचा हातचा कुठे राहिला ते कळत नाही.” त्या मुलीच्या पाटीवर ७१ – ४५ होते. एककातल्या १ च्या डोक्यावर तिने बारीकसा हातचा काढला होता, दशकातला ७ खोडून वर ६ लिहिला होता. खाली २६. तिने पाटी उचलून बाईंच्या दिशेने धरली.